गोदाबाईचे चालू कामकाज

बालाघाट
दि. ११ जानेवारी १९७०

आदरणीय डोमाजी भाऊजींच्या सेवेत,

धाकटा साळा प्रेमलाल याचा सविनय जयभीम. आमच्या थोरल्या बहिणीला, बाईलाही जयभीम (तिला 'सत्यभामा' अशी नुसत्या नावाने हाक मारण्याची हिंमत आजवर फक्त तुम्ही केली, आणि तीही लग्नात एकदाच, उखाण्यात). लेकरांना आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल असून तुमची खुशाली कळवावी. तुमच्या गुडघ्यांचे काय झाले? दिवाळीच्या पत्रात उजवा दुखत होता, आताच्या कार्डात डावा दुखतो असे लिहिले आहे. दोन्ही आळीपाळीने दुखत असतील तर काळजीचे कारण नाही. ते सरकारी पद्धतीने चालले आहेत असे समजावे. एक रजेवर गेला की दुसरा कार्यभार सांभाळतो.

तुमच्या कार्डात गुडघा सोडून एकच ओळ होती. "काहून रे प्रेमलाल, तुहा आयोग करते तरी काय?" भाऊजी, हाच प्रश्न भोपाळच्या तीन खात्यांनी आम्हाला लेखी विचारला आहे आणि तिघांनाही मी उत्तर दिले आहे. पण त्यांना दिलेले उत्तर हिंदीत होते आणि खरे नव्हते. तुम्हाला मराठीत लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे की मालगुजारांची जमीनदारी गेली आणि गावोगावचे तलाव सरकारच्या नावावर चढले. नावावर चढले, पण पाळ कोणी बांधायची, पाण्याची पाळी कोणाची आधी, पाणी सोडायच्या दाराची चाबी कोणाच्या कमरेला, हे कोणी सांगितले नाही. म्हणून गेल्या साली सरकारने राज्य तलाव आयोग नेमला आणि तलाव इकडे जास्त म्हणून त्याचे मुख्यालय बालाघाटला दिले. स्टेशनच्या मागे एका तांदळाच्या व्यापाऱ्याची जुनी वखार भाड्याने मिळाली. अजूनही फाईल झटकली की तिच्यातून कोंडा उडतो. आयोगाच्या अगोदर आयोगाचे नियम आले. अध्यक्ष, सदस्य व कर्मचारी यांची नेमणूक, वेतन आणि सेवेच्या शर्ती, असे बेचाळीस पानांचे हिंदी पुस्तक आहे. मी ते चार वेळा वाचले. त्यात अध्यक्षांच्या खुर्चीला हात आणि गादी, सचिवांच्या खुर्चीला हात पण गादी नाही, लिपिकाच्या खुर्चीला हातही नाहीत, चपराशाला स्टूल, असे सगळे दिले आहे. पडदे कोणाला किती हात लांब, पंखा कोणाच्या डोक्यावर, दौऱ्यावर कोणाबरोबर किती सामान, तेही आहे. तलाव हा शब्द फक्त मुखपृष्ठावर आहे.

आता माणसांचे ऐका. अध्यक्ष म्हणून जबलपूरचे एक निवृत्त सेशन जज ठरले. नियम असा की निवृत्त माणूस घेतला तर पगारातून त्याचे निवृत्तिवेतन वजा करायचे. साहेबांना इंग्रजांच्या काळात घोडाभत्ता मिळत होता. तो भत्ता निवृत्तिवेतनात धरायचा की नाही यावर भोपाळच्या दोन खात्यांत पत्रव्यवहार सुरू झाला (घोडा मरून पंचवीस वर्षे झाली होती, पण फाईलीवर तो चांगला दौडत होता), आणि तो मिटेपर्यंत साहेब जबलपूर सोडीनात. सदस्य दोन. पैकी एकाचा हुकूम चुकून दुर्गमधल्या त्याच नावाच्या पानवाल्याला गेला आणि त्याने आनंदाने होकारही कळवला. दुसरा तलावांचा जाणकार हवा होता. तिघांना विचारले, तर प्रत्येकाने उरलेल्या दोघांना काही कळत नाही असे कळवले. सचिव मात्र खरोखर आले. सकाळी रुजू झाले, दुपारी त्यांच्या बदलीची तार आली. त्यांनी इथे पाणीसुद्धा घेतले नाही. ते सोबत सुरई घेऊन आले होते आणि ती का आणली होती हे आम्हा तिघांनाही समजले.

आम्ही तिघे म्हणजे एक मी, लिपिक. दुसरा शालिकराम, आयोगाचा ड्रायव्हर. जीप अध्यक्ष आल्यावर घ्यायची होती, ड्रायव्हर आधी घेतला. रोज खाकी घालून येई आणि पडवीत जिथे जीप उभी राहणार तिथे दिवसभर बसून राही, कोणी सायकल लावू नये म्हणून. आणि तिसरी गोदाबाई, पाणीवाली. पन्नाशीची, आपल्यातलीच, पळसटोल्याकडची. नवरा भरवेलीच्या खाणीत होता, तो वारल्यावर इथे वस्तीत राहायला आली. दोन माठ, एक लोटा, चार पेले, एवढा तिचा विभाग. तुम्ही म्हणाल, आपल्या समाजाच्या बाईच्या हातचे पाणी कचेरीत कोण पिते? पहिल्या महिन्यात येणाऱ्यांपैकी निम्म्यांना बालाघाटच्या उकाड्यातही तहान लागत नसे. गोदाबाई पेला पुढे करी, तो नको म्हणे, ही पेला परत नेई. चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्या खेपेला तोच माणूस आला तरी पुन्हा पेला पुढे. ऑगस्टपर्यंत बरेच जण प्यायला लागले. मी विचारले तर म्हणाली, "तहान थकवते माणसाले. आपुन काहून थकाचं?"

तीन महिने आम्हाला पगार नाही. बिल मी करून पाठवी, कोषागार ते परत करी, कारण कार्यालय प्रमुखाची सही नाही. प्रमुखच नाही तर सही कोणाची? मी भोपाळला लिहिले. सप्टेंबरच्या शेवटी उत्तर आले की नियम नऊ बघा. बघितला. त्यात असे आहे की अध्यक्ष, सदस्य आणि सचिव यांपैकी कोणीही नसेल तेव्हा मुख्यालयात हजर असलेल्यांपैकी, रुजू होण्याच्या तारखेने जो सर्वांत ज्येष्ठ, तो आयोगाचे चालू कामकाज पाहील व अध्यक्षांच्या नावे सही करील.

भाऊजी, त्या दिवशी मी काय केले ते तुमच्याजवळ कबूल करतो. आत जाऊन अध्यक्षांच्या खुर्चीवरचा कोंडा झटकला आणि दार लावून तिच्यावर बसलो. पाऊण तास बसलो. तांबड्या शाईची दौत स्वतःच्या खिशातून आणली. सहीचा सराव म्हणून जुन्या पाकिटांच्या मागे चाळीस सह्या केल्या, पुढच्या पुढच्या सह्या कमी कमी वाचता येतील अशा. दुसऱ्या दिवशी पगाराचे बिल घेऊन कोषागारात गेलो. तिथला बाबू माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाला, "पहले जॉइनिंग रजिस्टर दिखाइए." दाखवले. त्याने पान माझ्याकडे फिरवले आणि एका ओळीवर बोट ठेवले. माझी रुजू होण्याची तारीख २ जुलै. शालिकरामची ५ जुलै. आणि त्यांच्या वर, १ जुलै, सकाळी साडेनऊ, गोदाबाई. कचेरी उघडायच्या आधी माठ भरायला हवेत म्हणून तिला एक दिवस अगोदर घेतले होते.

(मी १ तारखेलाच रुजू होणार होतो. आदल्या दिवशी तुमच्याकडे उतरलो होतो. आमची बाई म्हणाली, "आज नोको, उद्या जाजो, वडे करतो." तुम्ही म्हणालात, "सरकार कुठी पळून चाल्लं?" सरकार पळाले नाही, पण माझे अध्यक्षपद त्या वड्यांच्या तेलात तळले गेले. वडे उत्तम होते, हे मात्र मान्य करतो.)

परत येऊन मी गोदाबाईला नियम नऊ समजावून सांगितला. आवाज जमेल तितका सरळ ठेवला. ती माठाला फडके गुंडाळत होती. "म्हंजे मी काय करू?" "सही करायची." "ते येते मले," म्हणाली. प्रौढ वर्गात शिकली होती. 'गोदा' असे लिहिते, पण त्यातला ग एवढा मोठा की दा समासात जातो. खुर्चीवर बसायला मात्र तिने साफ नकार दिला. गादीवर पाय लोंबकळतात आणि मुंग्या येतात, म्हणाली. ती माठाशेजारी जमिनीवर बसली, म्हणून फाईली जमिनीवर आल्या, म्हणून त्या दाखवायला मीही जमिनीवर आलो. शालिकराम दारातून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी अजून विसरलेलो नाही. आमचे तीन महिन्यांचे पगार चौथ्या दिवशी निघाले. नियमात असेही आहे की कार्यभार पाहणाऱ्यास त्या पदाच्या पगाराचा दहावा हिस्सा भत्ता मिळेल. मी अध्यक्षांच्या पगाराचा दहावा हिस्सा काढला. तो माझ्या अख्ख्या पगाराहून जास्त निघाला. पुन्हा काढला. पुन्हा तेवढाच.

इथपर्यंत ठीक होते. मला वाटले, बाई सही करील, पगार निघेल, बाकी साहेबांचा घोडा भोपाळला दौडत राहील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात महागू आला.

महागू पळसटोल्याच्या खालच्या टोलीतला. खालच्या टोलीत आपली पंधरा घरे आहेत आणि त्यांच्या धानाच्या बांध्या तलावाच्या पाटाच्या अगदी शेवटी. पाऊस लवकर तुटला होता, धान निसवायला आले होते आणि तलावात पाणी होते. पण दाराला कुलूप आणि चाबी दुलीचंद पटेलाकडे. तलाव आजोबांनी खोदवला, आधी वरच्या बांध्या भरू द्या, मग बघू, असे त्याचे म्हणणे. वरच्या बांध्या त्याच्याच. महागू तहसिलीत गेला, तिथे म्हणाले पाटबंधाऱ्याकडे जा. पाटबंधाऱ्याकडे गेला, ते म्हणाले आता तलाव आयोगाचे. म्हणून हा अकरा मैल पायी आला होता. मी त्याचा अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला आणि मला येते ते सगळे सांगितले. अध्यक्ष नेमले गेले की सदस्य नेमले जातील, मग सुनावणीची तारीख पडेल, ती तुम्हाला टपालाने कळेल. महागू मान हलवत ऐकत होता. भांडला असता तर बरे वाटले असते. गोदाबाईने त्याला पाणी दिले. दोन पेले प्यायला. तिसरा भरताना तिने विचारले, "किती दिवस टिकन धान?"

"आठ. लय झालं तं नऊ."

तिने लोटा खाली ठेवला. "बाबू, कागद काढ."

मी तिला बाजूला नेले. म्हटले, गोदाबाई, आपल्याला निर्णय देता येत नाही. नियम बघ, आपण फक्त चालू कामकाज पाहायचे. ती म्हणाली, "पाणी चालू करनं म्हंजे चालू कामकाज नाही तं काय, बंद कामकाज होय?" भाऊजी, मी ते बेचाळीस पानांचे पुस्तक पुन्हा उघडले. 'चालू कामकाज' म्हणजे काय हे त्यात कुठेही लिहिलेले नाही. पडद्याची लांबी लिहिली आहे, हे नाही. मी कागद काढला.

पटेलाला पत्र पुढे पाठवले की आयोगाचे अध्यक्ष शनिवारी तलाव पाहायला येत आहेत (अध्यक्षांच्या नावे सही करायचा अधिकार नियमानेच दिला होता, त्यामुळे यात खोटे काही नाही, असे मी तेव्हाही मनाशी म्हटले आणि आताही म्हणतो). शनिवारी निघालो. जीप नव्हती म्हणून शालिकरामने सायकल काढली आणि गोदाबाईला मागे बसवले. तीन महिन्यांत प्रथमच त्याच्या हातात सरकारी प्रवासी आला होता. प्रत्येक वळणावर तो तोंडाने हॉर्न वाजवी. मी दुसऱ्या सायकलवर, दांड्याला शिक्का, शाईची गादी आणि नियमांचे पुस्तक बांधून. भरवेलीच्या रस्त्याला मँगनीजच्या गाड्यांनी आमच्यावर अशी काळी धूळ उडवली की पळसटोल्यात पोचेपर्यंत तिघांच्या चेहऱ्यांत भेद उरला नव्हता. फक्त माझ्या खिशाला पेन होते.

त्या पेनाने घोटाळा केला. पटेलाने तलावाच्या पाळीवर मांडव घातला होता, बाजेवर पांढरी चादर, चहा तयार, सगळे गाव जमलेले, खालच्या टोलीतले दूर उभे. मी सायकलवरून उतरतो न उतरतो तोच झेंडूचा हार माझ्या गळ्यात पडला. मी "अहो, मी नव्हे" म्हणेपर्यंत पटेलाने खिशातून कागद काढून भाषण सुरू केले. मास्तराकडून लिहून घेतलेले होते, शुद्ध हिंदीत. आदरणीय अध्यक्ष महोदयांचे चरण आमच्या तलावाला लागले, आमचे भाग्य. अध्यक्ष महोदय जो निर्णय देतील तो या दुलीचंदाला आणि सर्व गावाला शिरोधार्य राहील, एक अक्षर खाली पडू देणार नाही. टाळ्या झाल्या. मी हार काढला आणि जे व्हायचे होते ते केले. "अध्यक्षांचे काम सध्या या बघतात," म्हणून तो गोदाबाईच्या हातात दिला.

टाळ्या थांबल्या. पटेलाने तिच्याकडे बघितले, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "हे? हे तं गोदा होय! माह्या मायच्या रोवणीत मजुरीले येत होती हे!"

"हौ पटेल," गोदाबाई म्हणाली, "वीस वर्स होती. म्हणून तं ठाव हाय, कोन्या बांधीत किती वेळात पाणी जाते."

पटेलाने कागद मागितला. मी नियम नऊ काढून दिला. त्याने उभ्याउभ्या वाचला, पटवाऱ्याला दाखवला, पटवाऱ्याने वाचून खाली पाहिले. खरे सांगतो भाऊजी, मला तिथे भीती वाटली. आमच्याकडे काय होते? एक शिक्का, दोन सायकली आणि तोंडाने वाजणारा हॉर्न. मनात आले असते तर त्याने तिथेच आम्हाला हाकलले असते आणि आठ दिवसांनी पंधरा घरांचे धान कडब्यासारखे वाळले असते. गोदाबाई मात्र त्याच्याशी वाद घालायच्या भानगडीत पडलीच नाही. ती उतरून त्याच्याच बांधीत गेली. धानाची एक लोंबी हातात घेतली, बुडाशी पाय दाबून चिखल बघितला, आणि पटेलाला हळूच जवळ बोलावले. मी मागेच होतो म्हणून ऐकू आले.

"पटेल, तुमचं धान निसवलं. आता यात पाणी उभं ठेवलं तं बूड सडन, वारं सुटलं का लोळन. तुमाले पाणी काढाचं हाय आन त्यायले घालाचं हाय. मंग भांडन कायचं?"

पटेलाने स्वतः बांधीतल्या चिखलात पाय दाबून बघितला. त्याच्या सालदाराने हेच त्याला आठ दिवसांपूर्वी सांगितले असणार, पण सालदाराचे ऐकून पाणी सोडले तर गावात काय राहिले? आयोगाचे ऐकून सोडता येते. तो पाळीवर परत आला, उपरणे सावरले आणि मोठ्याने म्हणाला, "सरकारी आयोगाचा हुकूम हाय. दुलीचंद सरकारच्या बाहेर नाही." आणि चाबी काढली. गोदाबाईने सांगितले, आधी शेवटची बांधी, मग वर वर यायचे. पाच दिवस खाली, दोन दिवस वर, आणि चाबी आळीपाळीने. मी लिहिले, तिने सही केली, पटेलाने केली, महागूने अंगठा दिला. शिक्का मी इतका जोरात मारला की बाज हलली.

मग दार उघडले. पाणी पाटात शिरले तेव्हा खालच्या टोलीतले लोक त्याच्यापुढे धावत सुटले, पाटातली काटकी-कचरा हातांनी बाजूला करत. बाया लुगडी खोचून, म्हातारे काठ्या टाकून. महागू सगळ्यांत शेवटी, चालत. शेवटच्या बांधीत पाणी पोचले तेव्हा तो बांधावर खाली बसला आणि दोन्ही हात पाण्यात घालून तसाच राहिला. मी बावीस वर्षांचा असल्यापासून सरकारी कागद लिहितो आहे. माझ्या कागदामुळे कुठे काही ओले झाले, असे मी प्रथमच पाहिले. गोदाबाई म्हणाली, "चाल बाबू, माठ रिकामे असतीन."

मी अहवाल भोपाळला पाठवला. चूक माझीच. आयोग नेमल्यापासून पाच महिन्यांत तिथे कोणाला आयोगाची आठवण नव्हती, पण आयोगाने काम केले हे कळताच धावपळ उडाली. जो घोडा पंचवीस वर्षे मरत नव्हता तो दहा दिवसांत मेला. घोडाभत्ता हिशेबातून वगळून हुकूम निघाला आणि १ डिसेंबरला अध्यक्ष साहेब जबलपूरहून आले. उंच, पांढऱ्या भुवया, आवाज खर्जातला. मला वाटले, आता आमची सुनावणी. साहेब खुर्चीवर बसले. गोदाबाईने पेला पुढे केला. साहेबांनी एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. मग म्हणाले, "पळसटोला का फैसला किसने दिया?" मी नियम नऊ सांगू लागलो, तर हाताने मला थांबवले. "इन्हीं से पूछ रहा हूँ।" गोदाबाईने सगळे सांगितले, मराठी-हिंदी मिसळून, हातवारे करून. साहेब तासभर ऐकत होते.

पण तपासणीस आले. त्यांनी आठ दिवस कागद चाळले आणि जे काढले ते ऐका. नियमाप्रमाणे पाणीवाली हे पद उन्हाळ्यापुरते आहे, १५ जुलैपर्यंत. म्हणजे गोदाबाई ऑक्टोबरात अध्यक्षांचे काम पाहत होती तेव्हा ती नोकरीतच नव्हती. म्हणजे तिच्या सह्या नव्हत्या, म्हणजे आमचे पगार निघालेच नव्हते, म्हणजे पळसटोल्याला पाणी सुटलेच नव्हते. भोपाळहून लेखी हुकूम आला की तलावाचे पाणी पूर्वस्थितीत आणावे. भाऊजी, तो कागद आला तेव्हा धान कापून, मळून कोठीत गेले होते. साहेबांनी हुकूम दोनदा वाचला, त्यावर 'कार्योत्तर मंजुरी, अध्यक्ष' असे लिहिले, म्हणजे झाले ते झाले, मला मान्य, आणि एकाच सहीत आमचे पगार, पाणी आणि धान सगळे कायदेशीर केले. फक्त गोदाबाईला ते ठेवू शकले नाहीत. हिवाळ्यात पाणीवाली नाही. भत्त्याचे बिलही परत आले, कारण नोकरीत नसलेल्याला कार्यभार कसला? २० डिसेंबरपासून ती घरी आहे. माठ मी भरतो. लोक येतात, माझ्या हातचा पेला घेतात आणि विचारतात, "अध्यक्षबाई कुठं गेल्या?"

असो. विशेष काही नाही. पुष्कळ दिवसांत सविस्तर लिहिले नव्हते, म्हणून सहज लिहिले. मोठ्यांना जयभीम, लहानांना आशीर्वाद, आणि कागद संपत आला म्हणून थांबतो.

तुमचा आज्ञाधारक,
प्रेमलाल

ता. क. : सोबत एक फॉर्म आहे. घाबरू नये. नियम एकतीसप्रमाणे अध्यक्षांना 'तलावांचा दीर्घ अनुभव असलेली एक व्यक्ती' सल्लागार म्हणून घेता येते, बाराही महिने. शिक्षणाची अट नियम लिहिणारे लिहायला विसरले. बहुधा अट लिहिण्याची गरज पडेल असे त्यांना वाटले नसावे. हे साहेबांनी स्वतः शोधून काढले. एक शिफारस त्यांची आहे, दुसरी मान्यताप्राप्त हायस्कूलच्या हेडमास्तरांची लागते. इथले एक हेडमास्तर गोदाबाईचे नाव ऐकून हसले, दुसऱ्यांची बायको दुलीचंद पटेलाची चुलत बहीण निघाली. तुम्ही तुमसरचे हेडमास्तर आहात, म्हणून हे पत्र. मुदत ३१ तारखेपर्यंत.

ता. क. २ : रकाना चारमध्ये विचारले आहे, 'अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता?' तिथे पाच किंवा जास्त लिहावे लागते. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. एकदा पाच मिनिटे उशीर झाला म्हणून स्वतःच्याच नावापुढे तांबडी खूण करणारे तुम्ही. म्हणूनच पत्र एवढे लांबवले. हे सगळे वाचून पाच वर्षे झाल्यासारखे वाटत नसेल, तर कृपया पुन्हा पहिल्यापासून वाचावे.

ता. क. ३ : वरचे गोदाबाईला वाचून दाखवले आणि पस्तावलो. म्हणाली, "त्या मास्तरले खोटं लिहाले काहून लावतं? मीच जातो तुमसरले. चार दिवस राहतो. मंग त्यायले जे लिहाचं ते लिहू दे." एवढे लिहून झाले की पत्र ती माझ्या हातून घेऊन पिशवीत टाकणार आहे. उद्या सकाळच्या छोट्या गाडीने गोंदिया आणि तिथून पुढे तुमच्याकडे येते आहे. तेव्हा भाऊजी, हे पत्र तुमच्या हातात देऊन तुमच्या ओसरीवर जी बाई बसली आहे, तीच गोदाबाई. रकाना चार मी कोरा सोडला आहे. आज भरू नका, चार दिवसांनी भरा. तोपर्यंत पाच वर्षे लिहिणे तुम्हालाही खोटे वाटणार नाही.